दहापट वेग पुरेसा नाही, कॅटलिस्टचा आधारही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पानावर गेल्या आठवड्यात हायड्रोजनेशनच्या, म्हणजे रेणूला हायड्रोजन जोडण्याच्या, एका नव्या उत्प्रेरकाबद्दल (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या कॅटलिस्टबद्दल) लेख आला होता. या विषयाला वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं, याचा आधी आनंदच झाला. पण लेखातली दोन वाक्यं मनातून जाईनात. पहिलं, 'जुन्या उत्प्रेरकापेक्षा दहापट वेगवान'. दुसरं, 'धातूचे कण एका निष्क्रिय पांढऱ्या भुकटीवर पसरलेले असतात'. मी ३१ वर्षं कॅटलिस्ट तयार करण्याच्या आणि तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं त्या पांढऱ्या पदार्थाचा स्वभाव समजून घेण्यात गेली. तो निष्क्रिय आहे हे वाक्य छापून आलेलं पाहिल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

मुळात घडतं काय, ते थोडक्यात सांगते. हायड्रोजनचा रेणू तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम यांच्या पृष्ठभागावर मात्र तो साध्या तापमानालाही सुटा होतो आणि शेजारी येऊन बसलेल्या हायड्रोकार्बनला (कार्बन-हायड्रोजनच्या रेणूला) एकेक अणू देत जातो. सॅबातिए आणि सांदरां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८९७ साली एथिलीन आणि हायड्रोजन निकेलवरून नेऊन एथेन मिळवला. पुढे बेंझिनपासून सायक्लोहेक्झेनही मिळवला. सॅबातिए यांना १९१२चं नोबेल याच कामासाठी मिळालं. त्यांचं निकेल म्हणजे ऑक्साइडपासून बनवलेली बारीक पूड होती. अशी पूड तापली की तिचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पृष्ठभाग हातचा जातो. हे टाळण्यासाठी धातू सच्छिद्र पदार्थावर विखरून ठेवतात. अ‍ॅल्युमिना (अॅल्युमिनियमचा ऑक्साइड), सिलिका, कार्बन किंवा टायटॅनिया (टायटॅनियमचा ऑक्साइड) यांपैकी काहीतरी वापरतात. यालाच आम्ही सपोर्ट किंवा आधार म्हणतो. धातूचा कण १ नॅनोमीटरचा असेल तर त्यातले जवळजवळ सगळे अणू पृष्ठभागावर असतात. तोच १० नॅनोमीटरचा झाला की दहातला जेमतेम एक अणू कामाला उरतो. बाकीचा महागडा धातू आत नुसता पडून राहतो.

एवढं ऐकलं की कोणालाही वाटेल, कण जितका बारीक आणि आधाराचा पृष्ठभाग जितका मोठा तितकं चांगलं. मलाही पहिली चार वर्षं तसंच वाटत होतं. माझी ही समजूत अ‍ॅसिटिलीनच्या रिअ‍ॅक्टरने मोडली.

स्टीम क्रॅकरमधून, म्हणजे हायड्रोकार्बन वाफेसोबत भट्टीत तापवून तोडणाऱ्या संचातून, निघणाऱ्या एथिलीनच्या प्रवाहात साधारण अर्धा ते दोन टक्के अ‍ॅसिटिलीन असतं. पॉलिथिलीनच्या उत्प्रेरकाला ते विषासारखं लागतं, म्हणून दहा लाखांत एक-दोन भाग इतकं खाली आणावं लागतं. त्यासाठी अ‍ॅसिटिलीनला हायड्रोजन देऊन त्याचं एथिलीन करायचं, पण आजूबाजूला भरपूर असलेल्या एथिलीनला मात्र हात लावायचा नाही. तोच हायड्रोजन आहे, तोच धातू आहे आणि दोन जवळजवळ सख्खी भावंडं समोर आहेत. पॅलेडियमला हे जमतं, कारण अ‍ॅसिटिलीन त्याला एथिलीनपेक्षा घट्ट धरतं आणि पृष्ठभागावरची जागा अडवून ठेवतं. पण प्रवाहातलं अ‍ॅसिटिलीन संपत आलं की रिकाम्या जागेवर एथिलीन बसायला लागतं आणि सगळी परीक्षा तिथे सुरू होते. एथिलीनचं एथेन होताना मोलमागे सुमारे १३७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. उष्णतेने वेग वाढतो आणि वेगाने उष्णता वाढते.

एका रात्री असंच झालं. ज्या कारखान्याला आमचा कॅटलिस्ट दिला होता, तिथे हा रिअ‍ॅक्टर हायड्रोजन वेगळा काढण्याच्या आधीच्या टप्प्यावर होता. म्हणजे हायड्रोजन मुबलक होता, आणि तो आवरायला फक्त गॅसमधला थोडासा कार्बन मोनॉक्साइड. हा मोनॉक्साइड पॅलेडियमवर जागा अडवून एथिलीनला दूर ठेवतो. रात्री शिफ्टवरच्या ऑपरेटरचा फोन आला. "मॅडम, अ‍ॅसिटिलीन पुढे निसटतंय. इनलेटचं तापमान चार अंश वाढवलंय, तरी निसटतंय. अजून वाढवू का?" मी विचारलं, "क्रॅकरची एखादी फर्नेस नुकतीच लाइनवर घेतली का?" घेतली होती. आत साचलेला कोक (कार्बनचा थर) जाळून साफ केलेल्या फर्नेसच्या नळ्यांचा उघडा धातू सुरुवातीचे काही तास नेहमीपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड बनवतो. कॅटलिस्ट थकला नव्हता, त्याला फक्त आवळून धरलं होतं. मी म्हटलं, "वाढवू नका, थांबा." पण आधी वाढवलेले अंश तसेच होते. मी तिथे पोहोचेपर्यंत नळ्यांवर पुन्हा कोकचा थर बसला, मोनॉक्साइड उतरला आणि आवळलेली दोरी अचानक सुटावी तसं झालं. चार्टवरची आउटलेटच्या तापमानाची रेघ उभी चढत गेली. सुरक्षा यंत्रणेने रिअ‍ॅक्टर बंद केला आणि गॅस जाळून टाकण्यासाठी फ्लेअरकडे वळवला. कुणालाही इजा झाली नाही. पण तो तक्ता मी पुढे कित्येक वर्षं माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

त्या कॅटलिस्टची निवड आम्ही कशावर केली होती? वेगावर. आमच्या छोट्या रिअ‍ॅक्टरमध्ये तो सगळ्यांत कमी तापमानाला अ‍ॅसिटिलीन साफ करत होता, म्हणून तो पहिला आला. खरं तर आम्ही दोन तापमानं मोजायला हवी होती. अ‍ॅसिटिलीन पूर्ण साफ होतं ते एक आणि एथिलीन पेट घेतल्यासारखं एथेन व्हायला लागतं ते दुसरं. या दोहोंमधला पट्टा किती रुंद आहे, हा त्या उत्प्रेरकाचा खरा गुण. ऑपरेटरला रात्रभर त्या पट्ट्यात गाडी ठेवायची असते. दहापट वेगवान आणि पट्टा दोन अंशांचा, असा कॅटलिस्ट मी कुणाच्याही हाती देणार नाही.

पट्टा रुंद कसा होतो, हीच तर सुधारणेची गोष्ट आहे आणि ती फार सुंदर आहे. पॅलेडियममध्ये चांदी मिसळली की पॅलेडियमचे अणू एकमेकांपासून दूर होतात. शेजारी-शेजारी मोठी मोकळी जागा मिळाली तर अ‍ॅसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेलकट पदार्थ तयार होतो. कारखान्यात त्याला ग्रीन ऑइल म्हणतात. हळूहळू ते छिद्रं बुजवतं. चांदीमुळे हे कमी होतं आणि एथिलीनची पकडही सैल होते, म्हणजे तयार झालेलं एथिलीन लवकर सुटतं. शिवाय पॅलेडियमला हायड्रोजन पोटात साठवायची सवय आहे, अगदी दर अणूमागे ०.६ ते ०.७ अणूंपर्यंत. हा आतला हायड्रोजन वर आला की समोर येईल त्याचं पूर्ण हायड्रोजनेशन करतो. चांदी ही साठवणही आवरते. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असंही दिसलं, की प्रत्यक्ष काम चालू असताना पॅलेडियमच्या वरच्या थरांत कार्बन शिरतो आणि तोच आतल्या हायड्रोजनची वाट अडवतो. भट्टीतून काढलेला ताजा कॅटलिस्ट आणि गॅसमध्ये काही तास काम केलेला कॅटलिस्ट हे दोन वेगळे पदार्थ आहेत, हे आम्हा सगळ्यांना त्यातून कळलं.

आता तो पांढरा पदार्थ. गॅमा अ‍ॅल्युमिनाचा पृष्ठभाग ग्रॅममागे दीड-दोनशे चौरस मीटर असतो. अ‍ॅसिटिलीनच्या कामासाठी तो चालत नाही. त्याच्या आम्लधर्मी जागांवर ग्रीन ऑइल वाढतं आणि त्याच्या अरुंद छिद्रांत एथिलीन अडकून एथेन होऊन बाहेर येतं. म्हणून तोच अ‍ॅल्युमिना हजार-अकराशे अंशांच्या वर भाजून त्याचा अल्फा अ‍ॅल्युमिना करतात आणि ग्रॅममागे जेमतेम काही चौरस मीटर पृष्ठभाग ठेवतात. पृष्ठभाग मुद्दाम घालवायचा! नव्या मुलांना मी हे सांगायची तेव्हा त्यांचा विश्वास बसत नसे. वर पॅलेडियम एक टक्क्याच्या दहाव्या-विसाव्या भागाइतकंच, तेही कॅटलिस्टच्या गोळीच्या बाहेरच्या पातळ थरात, म्हणजे एथिलीनला बाहेर पडायची वाट आखूड राहते. आणि पॅलेडियमचे कण अगदीच बारीक केले तर डायीन (दोन दुहेरी बंधांचे रेणू) आणि अल्काइन (तिहेरी बंधाचे) त्यांना इतके घट्ट चिकटतात, की दर अणूमागचा वेग उलट घटतो. म्हणजे लहान कण, मोठा पृष्ठभाग ही दोन्ही 'सुधारणेची' सूत्रं इथे उलटी पडतात.

बेंझिनचं सायक्लोहेक्झेन करायचं असेल तर गणित पुन्हा बदलतं. तिथे अर्धवट थांबायचं नसतं. निकेल भरपूर, पृष्ठभाग भरपूर, हेच हवं. म्हणून 'उत्तम हायड्रोजनेशन कॅटलिस्ट' असं काही नसतं. कोणत्या रेणूला कुठे थांबवायचं, ते आधी विचारावं लागतं.

निकेलच्या बाबतीत आम्हाला बसलेला फटका सांगते. तो संपूर्ण आमच्या हातून झालेला होता. गोळ्या निकेल नायट्रेटच्या द्रावणात भिजवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या आणि मग हायड्रोजनमध्ये निकेल धातू करून घ्यायचा, ही आमची रीत. कागदावर चार ओळी. एका मोठ्या खेपेचा कॅटलिस्ट चाचणीत अव्वल आला आणि कारखान्यात काही आठवड्यांत ढेपाळला. रिअ‍ॅक्टरमधला दाब-फरकही वाढत गेला. उघडून पाहिलं तर तळाशी काळी बारीक पूड. मी एक न वापरलेली गोळी ब्लेडने मधोमध कापली आणि भिंगाखाली धरली. बाहेर गडद करडी साल आणि आत फिकट, जवळजवळ पांढरा गाभा. सगळं निकेल सालीत येऊन बसलं होतं. वाळताना पाणी गोळीच्या पृष्ठभागावरून उडतं, आतलं पाणी छिद्रांतून बाहेर खेचलं जातं आणि त्याच्यासोबत क्षारही बाहेर चालू लागतो. मोठ्या ट्रेमध्ये, गरम हवेच्या झोताखाली हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. बेंझिनच्या हायड्रोजनेशनमध्ये मोलमागे दोनशेहून अधिक किलोज्यूल उष्णता सुटते. ती सगळी त्या सालीत सुटत होती, कण एकमेकांत वितळल्यासारखे मोठे होत होते आणि ठिसूळ साल झडून पूड होत होती.

मग आमची चाचणी अव्वल कशी आली? चाचणीसाठी आम्ही गोळ्या कुटून चाळून घेत होतो. कुटल्यावर साल आणि गाभा एकच. ही गोष्ट मला आजही खुपते, कारण गोळी कापून बघायला मिनिटभर लागतं.

दुरुस्तीला मात्र वर्ष गेलं. नायट्रेटऐवजी निकेलचं सायट्रेट वापरून पाहिलं. हे द्रावण आटताना स्फटिक न होता मधासारखं घट्ट होत जातं, त्यामुळे फारसं हलत नाही, जिथे असतं तिथेच बसतं. वाळवणीत हवेची आर्द्रता आणि थराची जाडी ठरवून दिली. भाजण्याचं तापमान हा वेगळा प्रश्न होता. कमी भाजलं तर निकेल आधाराला नीट धरत नाही आणि कामाच्या उष्णतेत सरकून गोळा होतं. जास्त भाजलं तर ते अ‍ॅल्युमिनाशी एकजीव होऊन निकेल अ‍ॅल्युमिनेट होतं आणि साध्या तापमानाला हायड्रोजनने त्याचा धातू होतच नाही. धरायचं पण गिळायचं नाही, असा आधार हवा असतो. नायट्रेटच वापरायचं असेल तर ते भाजताना आजूबाजूचा वायू बदलूनही कण लहान ठेवता येतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७मध्ये हवेऐवजी थोडा नायट्रिक ऑक्साइड असलेल्या वायूत नायट्रेटचं विघटन करून हे दाखवलं. धातू तोच, आधार तोच, फक्त भाजतानाची हवा वेगळी. मी तो शोधनिबंध वाचला तेव्हा आमच्या भट्टीच्या नोंदवह्या काढून बसले होते. त्यांत तापमान आणि वेळ दर पानावर होती, हवेचा प्रवाह कुठेच लिहिलेला नव्हता.

आधार निष्क्रिय नसतो याचा सर्वांत ठसठशीत पुरावा १९७८चा आहे. संशोधक टॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियावरचं प्लॅटिनम ५०० अंशांना हायड्रोजनमध्ये तापवलं आणि मग ते हायड्रोजन जवळजवळ धरेनासंच झालं. कण मोठे झाले नव्हते. पुढे कळलं, की टायटॅनियाचाच अर्धवट ऑक्सिजन गमावलेला पातळ थर धातूवर चढून बसतो. पांढरी भुकटी धातूच्या अंगावर चढते, हे 'निष्क्रिय' या शब्दात बसत नाही.

नव्या शोधांना माझा विरोध आहे असं कृपया समजू नये. २००८मध्ये निकेल-जस्ताची मिश्रधातू अ‍ॅसिटिलीनच्या कामी येऊ शकेल असं आधी गणनेने सुचलं आणि मग प्रयोगाने तपासलं गेलं. २०१२मध्ये तांब्याच्या पृष्ठभागावर पॅलेडियमचे एकेकटे अणू बसवून निवडक हायड्रोजनेशन दाखवलं गेलं. एकटा पॅलेडियमचा अणू हायड्रोजन तोडतो आणि तो हायड्रोजन तांब्यावर उतरून हळुवारपणे काम करतो. हे वाचताना मला खरोखर भरून आलं होतं. आमच्या पिढीने चांदी मिसळून अंदाजाने जे साधलं, ते आता अणू मोजून करता येतंय. माझं म्हणणं एवढंच आहे, की असा शोध वाचकांपर्यंत नेताना त्याच्याबद्दल काही साधे प्रश्न विचारून घ्यावेत.

वेग कशाच्या मागे मोजला? ग्रॅम कॅटलिस्टमागे, की पृष्ठभागावरच्या दर धातू-अणूमागे? धातू दुप्पट घातला तर पहिला आकडा आपोआप वाढतो. निवडकपणा, म्हणजे हवं तेच मिळण्याचं प्रमाण, किती रूपांतरणाला मोजला? वीस टक्के अ‍ॅसिटिलीन संपलं असताना जवळजवळ कुठलाही पॅलेडियम कॅटलिस्ट चांगला दिसतो, कसोटी शेवटच्या एका टक्क्याला असते. आणि गॅस बाटलीतला शुद्ध होता, की त्यात कार्बन मोनॉक्साइड, डायीन आणि किंचित गंधकही होता? निकेलवर बसलेला गंधकाचा एक अणू शेजारच्या कित्येक जागा निकामी करतो, आणि साध्या हायड्रोजनने तो सहजी निघत नाही. चाचणी किती तास चालली? कारखान्यात कॅटलिस्टने वर्षानुवर्षं टिकायचं असतं आणि मध्ये कोक जाळून पुन्हा जिवंत व्हायचं असतं. पहिल्या जाळणीनंतर एकेकटे अणू एकेकटेच राहिले का, हा मला सगळ्यांत आधी विचारावासा वाटणारा प्रश्न. आणि चाचणी भुकटीवर झाली की गोळीवर, हा दुसरा.

तरुण संशोधकांनी आपल्या अपयशाच्या नोंदीही छापाव्यात असं मला फार वाटतं. कोणत्या आधारावर कण सरकले, कोणत्या क्षारामुळे साल धरली, किती तासांनी वेग निम्मा झाला, हे छापलेलं मिळालं असतं तर आमचं एक वर्ष वाचलं असतं. असं वर्ष वाचवायला दहापट वेगाचा आकडा उपयोगी पडत नाही.

निकेलबद्दल एक सूचना इथेच देते, कारण लेखात 'सोपा आणि स्वस्त धातू' असा उल्लेख होता आणि महाविद्यालयांतले विद्यार्थी तो वाचून प्रयोगाला लागतील. असं बारीक विखुरलेलं धातुरूप निकेल हवेत उघडलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून ते नायट्रोजनखालीच हाताळावं. आणि कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू दोनशे अंशांखालच्या निकेलवरून कधीही नेऊ नये. त्यातून निकेल कार्बोनिल तयार होऊ शकतं. १८९०मध्ये रसायनशास्त्रज्ञ मॉन्ड यांनी निकेल शुद्ध करण्यासाठी उपयोगात आणलेला हाच पदार्थ. तो ४३ अंशांना उकळतो आणि अतिशय विषारी आहे. रिअ‍ॅक्टर थंड करताना आधी मोनॉक्साइड पूर्ण बाहेर काढायचा, मग तापमान उतरवायचं, हा क्रम उलटू नये.

त्या फसलेल्या खेपेच्या सात-आठ गोळ्या आणि नंतरच्या सुधारलेल्या खेपेच्या तितक्याच, मी दोन छोट्या बाटल्यांत जपून ठेवल्या आहेत. त्या ऑक्साइड अवस्थेत आहेत, हाताळायला सुरक्षित. लेख लिहिणाऱ्या वार्ताहरांना त्या मधोमध कापलेल्या अवस्थेत शेजारी ठेवून पाहायच्या असतील, छायाचित्र घ्यायचं असेल, तर मी आनंदाने दाखवीन. एक बऱ्यापैकी भिंग आणावं, माझ्याकडचं आता धूसर झालं आहे.

आपली नियमित वाचक,
उत्प्रेरक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली एक रसायनतज्ज्ञ